मिर्बेट्रिकचं जेनेरिक: मंजुरी २०२२ ला, दुकानात २०२४ ला, मधे नक्की काय चाललं होतं?

माझी मावशी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी आई, पुण्यात कोथरूडला. दोघींना त्रास एकच, सारखी लघवीची घाई होण्याचा, आणि औषधही एकच, मिराबेग्रॉन, अमेरिकेतल्या ब्रँडचं नाव मिर्बेट्रिक. आई कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दहा गोळ्यांची पट्टी दोन-चारशे रुपयांत आणते आणि वर मेडिकलवाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालते. मावशीच्या डबीची यादीतली किंमत महिन्याला चारशे डॉलरच्या वर होती, इन्शुरन्स बराच भार उचलायचा पण जे उरायचं तेही काही कमी नव्हतं, आणि दर रविवारी फोनवर दोघी बहिणी हा हिशेब मांडून बसायच्या, तुझी गोळी केवढ्याला माझी केवढ्याला.

तर २०२२ मध्ये मावशीने कुठेतरी वाचलं की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, मिर्बेट्रिकच्या जेनेरिकला, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या त्याच औषधाला, मंजुरी दिली, आणि मंजुरी मिळालेल्यांत आपली मुंबईची लुपिनपण आहे. मावशी खूश. लगेच फार्मसीत गेली, काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, असं काही नाही आमच्याकडे. परत पुढच्या महिन्यात गेली, तेच उत्तर. तिला ठाम वाटायला लागलं की हे लोक मुद्दाम महागडं गळ्यात मारतायत. मी औषधांच्या कंपनीत फायलिंगच्या कामात आहे, म्हणजे मंजुरीसाठी जे कागदांचे ढीग जातात ते तयार करणारे आम्ही, त्यामुळे घरात औषधाचा कसलाही प्रश्न आला की तो माझ्याकडे येतो, जसं काही मीच एफडीए आहे. तिला जे फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगितलं तेच इथे एकत्र लिहितोय, कारण "मंजूर झालं" आणि "मिळायला लागलं" यात एवढं अंतर का असतं हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, आणि मिर्बेट्रिक हे त्याचं फार मस्त उदाहरण आहे.

आधी त्रास काय ते. ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात त्याला, सोप्या शब्दात सांगायचं तर ब्लॅडर भरायच्या आधीच भरल्याची ओरड सुरू करतं. आपल्या मूत्राशयाची भिंत म्हणजे एक स्नायूच आहे, डिट्रूसर नावाचा, आणि त्याचं अर्धं काम म्हणजे लघवी साठत असताना गप्प सैल पडून राहणं. ते त्याला जमेनासं झालं की थोडंसं साठलं तरी तो आवळायला लागतो आणि मग अचानक अशी घाई होते की थांबवत नाही. दिवसात आठपेक्षा जास्त वेळा जाणं, रात्री उठणं, कधी पोचेपर्यंत थोडी कपड्यातच होणं. आपल्याकडच्या बायका हे वर्षानुवर्ष कुणाला सांगत नाहीत, प्रवासाला निघायच्या आधी पाणीच पीत नाहीत, एसटीने जायचं असेल तर सकाळचा चहासुद्धा सोडतात, लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या आधी बाथरूम कुठे ते बघून ठेवतात. आई असं कितीतरी वर्ष करत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. एक मात्र आहे, सारखी लागते म्हणजे हेच असं नाही, इन्फेक्शन असू शकतं, साखर वाढलेली असू शकते, पुरुषांमध्ये प्रोस्टेट असतं, बीपीसाठी चालू असलेली लघवीची गोळी असते, त्यामुळे आधी तपासणी. आणि गोळीच्याही आधी चहा-कॉफी कमी करणं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि ठरलेल्या वेळीच जायची सवय लावणं, हे डॉक्टर सांगतात आणि बऱ्याच जणांना त्यानेच फरक पडतो.

आता औषधं. यात दोन रस्ते आहेत. जुना रस्ता असा की स्नायूला "आवळ" म्हणून सांगणारा जो रासायनिक निरोप असतो, अ‍ॅसिटिलकोलीन, तोच अडवायचा. ऑक्सिब्युटिनिन १९७५ पासून आहे, मग १९९८ ला टोल्टेरोडीन आलं डेट्रॉल नावाने, २००४ ला सोलिफेनासिन व्हेसिकेअर नावाने, २००८ ला टोव्हिएझ. पण अ‍ॅसिटिलकोलीन काही फक्त ब्लॅडरमध्येच नसतं, तोंडात लाळ त्याच्यामुळे सुटते, आतडी त्याच्यामुळे हलतात, मेंदूतही त्याचं काम असतं. म्हणून या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही, आणि वय झालेल्या माणसांत गोंधळल्यासारखं, विसरल्यासारखं होऊ शकतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना या जपून द्याव्यात असं डॉक्टर मंडळी म्हणतात. आणि तोंडाला कोरड पडली की माणूस काय करतो, पाणी पितो. मग परत बाथरूम. मावशीला आधी अशीच एक गोळी होती आणि तिचं म्हणणं की त्या गोळीने तिला दिवसभर हातात बाटली घेऊन फिरायला लावलं.

दुसरा रस्ता मिराबेग्रॉनचा. स्नायूला "सैल हो" म्हणून सांगणारी वेगळीच एक जागा त्या भिंतीवर असते, बीटा-३ रिसेप्टर, ती चालू करायची. गंमत म्हणजे बीटा-३ वर काम करणारी औषधं बरीच वर्षं शोधली जात होती ती डायबिटीस आणि लठ्ठपणासाठी, तिथे फारसं यश आलं नाही आणि कामाला आली इथे. जपानच्या अ‍ॅस्टेलास कंपनीने हे औषध बाजारात आणलं, आधी २०११ मध्ये जपानमध्ये बेटानिस नावाने, मग २०१२ च्या जूनमध्ये अमेरिकेत मिर्बेट्रिक म्हणून मंजुरी मिळाली, युरोपात तेच बेटमिगा. म्हणजे लंडनमधल्या तुमच्या भावाची बेटमिगा आणि एडिसनच्या मावशीची मिर्बेट्रिक एकच बरं का, नावावर जाऊ नका. कोरड-बद्धकोष्ठ याने खूप कमी होतं, पण बीपी वाढू शकतं, त्यामुळे ज्यांचं बीपी खूपच जास्त आणि ताब्यात नाही त्यांना देत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. जेनेरिक म्हणजे तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं. अमेरिकेत आज सगळी चाललेली व्यवस्था १९८४ च्या कायद्यावर उभी आहे, हॅच आणि वॅक्समन या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने ओळखला जातो तो. सौदा साधा होता. जेनेरिकवाल्यांना सांगितलं, तुम्ही परत हजारो पेशंटवर चाचण्या करू नका, औषध चालतं हे मूळ कंपनीने एकदा दाखवलंय, तुम्ही फक्त एवढं दाखवा की तुमची गोळी शरीरात तेवढंच औषध तेवढ्याच वेगाने पोचवते. आणि मूळ कंपनीला सांगितलं, नवीन औषध असेल तर पाच वर्षं तुम्हाला वेगळं संरक्षण, शिवाय तुमची पेटंटं एका यादीत लिहून ठेवा, ज्याला जेनेरिक आणायचंय त्याला त्या प्रत्येक पेटंटबद्दल उत्तर द्यावं लागेल. त्या यादीचं नाव ऑरेंज बुक, कारण छापील पुस्तक होतं तेव्हा कव्हर नारिंगी असायचं.

यात खरी मेख अशी आहे की पेटंट संपायची वाट न बघता जेनेरिक कंपनी म्हणू शकते की तुमचं हे पेटंट मुळातच टिकणारं नाही किंवा आम्ही ते मोडत नाही. असं म्हटलं की मूळ कंपनी खटला भरते, आणि ठरलेल्या मुदतीत भरला तर एफडीए साधारण ३० महिने मंजुरी रोखून धरते. आणि जो जेनेरिकवाला पहिल्यांदा अंगावर घेतो त्याला बक्षीस म्हणून १८० दिवस बाकीच्या जेनेरिकवाल्यांपासून मोकळं मैदान. पाच वर्षांच्या संरक्षणातलं चौथं वर्ष संपलं की असे अर्ज टाकता येतात, म्हणजे मिर्बेट्रिकच्या बाबतीत २०१६ चा उन्हाळा. आणि झालंही तसंच, २०१६ मध्ये अर्ज पडले, अ‍ॅस्टेलासने खटले भरले, त्यातली काही प्रकरणं पुढे तडजोडीने मिटली.

मावशीने इथे मला मधेच थांबवलं. म्हणाली, मग मंजुरी देणारे आणि पेटंट बघणारे वेगवेगळे आहेत का? हो ना मावशी, नेमकं तेच! एफडीए बघते ती गोळी. कारखाना नीट आहे का, गोळी विरघळते कशी, रक्तात किती जाते. पेटंट कुणाचं आणि ते खरं का खोटं हे एफडीए ठरवत नाही, ते कोर्ट ठरवतं. ती फक्त यादी ठेवते आणि घड्याळ लावते. घड्याळ संपलं की मंजुरी देऊन मोकळी. म्हणजे मंजुरीचं पत्र हे गाडी पासिंग झाल्यासारखं आहे, रस्ता मोकळा आहे का नाही ते त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून काउंटरवरचा तो मुलगा खोटं बोलत नव्हता. २०२२ मध्ये मंजुरी खरंच मिळालेली होती आणि दुकानात एकही डबी नव्हती, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

मग अडलं कुठे? एका औषधावर एकच पेटंट असतं असा आपला समज असतो. तसं नसतं. रेणूवर एक, तो वापरून आजार बरा करण्यावर एक, त्याच्या स्फटिकाच्या रूपावर एक, आणि गोळी कशी बनवली यावर आणखी. रेणूवरचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भक्कम, ते सगळ्यात आधी संपतं. बाकीची मागाहून येत राहतात. अ‍ॅस्टेलासला २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे औषध बाजारात आठ वर्षं विकून झाल्यावर, गोळीच्या बनावटीवर आणखी एक पेटंट मिळालं, त्याच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे ७८० म्हणून सगळे त्याला ७८० म्हणतात, आणि त्याची मुदत थेट २०२९ पर्यंत. हे अर्जांच्या नंतर यादीत आलेलं पेटंट, त्यामुळे त्यावरून ३० महिन्यांचं नवीन घड्याळ लागलं नाही, पण खटला मात्र भरला गेला. सँडोज, लुपिन, झायडस अशा कंपन्यांवर, डेलावेअरच्या कोर्टात.

हे ७८० काय आहे ते मला सांगायलाच पाहिजे कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला ते वाचताना मजा येते, तुम्हाला कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. मिराबेग्रॉनची साधी, लगेच विरघळणारी गोळी केली तर एक अडचण येते. उपाशीपोटी घेतली तर औषध भसकन रक्तात जातं, जेवून घेतली तर खूप कमी जातं. म्हणजे तुम्ही नाश्ता केला का नाही यावर तुमचा डोस ठरणार, असं चालत नाही. उपाय असा की गोळीतून औषध हळूहळू सोडायचं, मग जेवणाने पडणारा फरक कमी होतो. ७८० मध्ये हेच आकड्यात बांधलंय, दीड तासात ३९ टक्के किंवा त्याहून कमी औषध सुटलं पाहिजे आणि सात तासांत कमीत कमी ७५ टक्के. हे मोजतात कसं तर काचेच्या भांड्यात पातळ द्राव घ्यायचा, गोळी टाकायची, वरून एक छोटं वल्हं गोल गोल फिरत असतं आणि ठरलेल्या मिनिटाला थोडं थोडं काढून बघायचं किती सुटलं. मी उमेदवारीच्या काळात या भांड्यांसमोर उभं राहून कितीतरी रात्री काढल्यात, त्या वल्ह्याचा आवाज अजून कानात आहे.

तर २०२३ च्या जूनमध्ये निकाल आला आणि तो सगळ्यांना चक्रावणारा होता. दोन्ही बाजू भांडत होत्या की जेनेरिकवाल्यांची गोळी या आकड्यांत बसते का, आणि पेटंटमध्ये शोध पुरेसा समजावून लिहिलाय का. न्यायाधीशांनी म्हटलं की औषध हळू सोडलं की जेवणाचा परिणाम कमी होतो हा निसर्गाचा नियम आहे, निसर्गाच्या नियमावर पेटंट मिळत नाही, सबब पेटंट रद्द. हा मुद्दा कुणी मांडलाच नव्हता! भांडण भलतंच आणि निकाल भलत्याच गोष्टीवर. अ‍ॅस्टेलास अर्थातच अपिलात गेली.

अपील चालू असतानाच, २०२४ च्या एप्रिलमध्ये, लुपिन आणि झायडसने अमेरिकेत मिराबेग्रॉन विकायला काढलं, लुपिनची सुरुवात २५ मिलिग्रॅमपासून. याला धंद्यात जोखमीवर माल काढणं म्हणतात, म्हणजे खालच्या कोर्टात जिंकलोय पण वरचा निकाल बाकी आहे, वर हरलो तर नुकसानभरपाई भरावी लागेल, तरी काढतोय. अशा जोखमीत जी रक्कम गुंतलेली असते ती ऐकून मावशीने "अगं बाई" म्हटलं. पण हिशेब सरळ आहे, पहिल्या एक-दोघांनाच मैदान मोकळं असतं तेव्हा जेनेरिकचीही किंमत बऱ्यापैकी चांगली मिळते, पाच-सहा जण उतरले की धाडकन खाली येते. म्हणूनच पहिल्या दिवसापासून जेनेरिक एकदम स्वस्त मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, दोघेच विकणारे असतील तर ब्रँडपेक्षा थोडं कमी एवढंच बघायला मिळतं, खरा भाव कोसळतो तो गर्दी झाल्यावर.

२०२४ च्या उन्हाळ्यात मावशीच्या हातात जेनेरिकची डबी पडली. आता सगळं मिटलं असं मला वाटलं. चार दिवसांनी फोन, गोळी वेगळ्या रंगाची आहे, घेतली नाहीये. अरे देवा. दोन वर्षं जिच्यासाठी फार्मसीत खेटे घातले ती आली तर ही घेत नाही!

मग परत बसलो. ब्रँडचा आकार-रंग हा त्यांचा ट्रेडमार्कचा भाग असतो, त्यामुळे जेनेरिक दिसायला वेगळीच असते, ती चुकीची नसते. आतलं औषध तेच, मिराबेग्रॉन, तेवढेच मिलिग्रॅम. वेगळं असतं ते गोळी बांधायला लागणारं सामान, रंग, वरचा थर. कुणाला एखाद्या रंगाची वगैरे अ‍ॅलर्जी असेल तर तेवढं फार्मासिस्टला विचारायचं. दुसरी शंका तिच्या मैत्रिणीने डोक्यात घातलेली, की जेनेरिकमध्ये २० टक्के कमी औषध चालतं. हे फार पसरलेलं आहे आणि चूक आहे. ८० ते १२५ हे आकडे येतात ते वेगळ्या गोष्टीसाठी. काही माणसांना ब्रँड आणि जेनेरिक दोन्ही वेगवेगळ्या वेळी देतात, रक्तात किती गेलं ते मोजतात, आणि दोघांचं जे गुणोत्तर येतं त्याच्या अंदाजाची पूर्ण पट्टी, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसायला लागते. एखाद्या कंपनीची गोळी खरंच २० टक्के कमी पडत असेल तर ती पट्टी कधीच आत बसणार नाही, नापास. एफडीएच्या लोकांनी १९९६ ते २००७ मधल्या दोन हजारांहून जास्त अशा तपासण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा शरीरात एकूण गेलेल्या औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. एवढा फरक एकाच ब्रँडच्या दोन बॅचमध्येही पडू शकतो. अमेरिकेत दहातली नऊ प्रिस्क्रिप्शनं जेनेरिकचीच असतात, मावशीची थायरॉइडची आणि कोलेस्टेरॉलची गोळीसुद्धा जेनेरिकच होती, तिला माहीतच नव्हतं.

आईच्या बाबतीत हा प्रश्न आलाच नाही कारण भारतात चित्र वेगळं आहे. भारतात कितीतरी कंपन्या मिराबेग्रॉन बनवतात पण प्रत्येकीने आपापलं नाव ठेवलेलं असतं, डॉक्टर चिठ्ठीवर त्यातलं एक नाव लिहितात, आणि आपल्याला वाटतं ते "ब्रँडचं" औषध आहे. खरं तर ते सगळं जेनेरिकच, नाव लावलेलं. आईने दोनदा कंपनी बदललेली आहे, मेडिकलवाला म्हणाला ते नाही हे घ्या, तिने घेतलं, काही झालं नाही. अमेरिकेत जेनेरिक नुसत्या रेणूच्या नावाने येतं, मिराबेग्रॉन एक्स्टेंडेड रिलीज, आणि फार्मासिस्ट स्वतःच ब्रँडच्या जागी ते देऊ शकतो, डॉक्टरने "लिहिलंय तेच द्या" असं मुद्दाम नमूद केलं नसेल तर. कधी कधी तुमच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं तो शेरा तसाच चालत आलेला असतो आणि म्हणून जेनेरिक मिळत नाही, ते एकदा बघून घ्या. आणि काही इन्शुरन्सवाल्यांच्या यादीत उलट ब्रँडच स्वस्त पडतो, कारण ब्रँडची कंपनी त्यांना मागच्या दाराने सूट देते, हे ऐकायला विचित्र आहे पण होतं. म्हणून काउंटरवर दोन्हीचा भाव विचारायचा, इन्शुरन्स लावून आणि न लावता. ब्रँडवाल्यांची कूपनं मिळतात ती मेडिकेअरवाल्यांना, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स असणाऱ्यांना, चालत नाहीत, मावशीने तीन कूपनं छापून नेली होती, तिन्ही परत आली.

पैसे वाचवायचा एक मार्ग मात्र अजिबात धरू नका. ५० ची गोळी मोडून दोन वेळा २५. आपल्याकडे गोळ्या अर्ध्या करायची सवय फार आहे, आईकडे तर त्यासाठी वेगळी सुरी आहे. ही गोळी हळू सोडणारी आहे, ते वर सांगितलं ना, दीड तास, सात तास, ते सगळं गोळी अख्खी असेल तरच. मोडली, चावली, कुटून दह्यात घातली की तो हिशेब बिघडला. अख्खी गिळायची, पाण्याबरोबर. आणि ५० लिहिलेलं असताना दुकानात २५ च मिळतेय तर दोन घेऊ का, हे डॉक्टरला विचारून चिठ्ठी तशी बदलून घ्यायची, नाहीतर इन्शुरन्स म्हणेल एवढ्या गोळ्या का लागतात.

ब्रँड असो नाहीतर जेनेरिक, बाकीच्या गोळ्यांशी याचं कसं जमतं ते बघायलाच लागतं. मिराबेग्रॉन लिव्हरमधल्या एका एन्झाइमचं काम मंदावतं, त्यामुळे मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी रक्तात जास्त साठू शकते, हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर तेही वाढतं. किडनी बरीच अधू असेल तर २५ च्या वर जात नाहीत. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबत असेल तर जपून. आणि फरक पडायला वेळ लागतो, आठवड्यांचा हिशेब आहे, चार दिवसांत काही होत नाही म्हणून बंद करू नका.

अजून एक, ऑनलाइन. २०२४ च्या आधीसुद्धा नेटवर "जेनेरिक मिर्बेट्रिक" म्हणून अमेरिकेत विकणारे लोक होते, चिठ्ठी नको काही नको. जे औषध तिथल्या बाजारात कायदेशीर आलंच नव्हतं ते यांच्याकडे कुठून आलं हा साधा प्रश्न आहे. ऑर्डर करायच्या आधी एफडीएच्या साइटवर ऑरेंज बुक फुकट बघता येतं, रेणूचं नाव टाका, मंजूर कंपन्या दिसतात, त्याच्याच पुढे पेटंटांची यादीही असते. मंजुरीचा रकाना भरलेला आणि पेटंटचे रकाने पण भरलेले दिसले की समजायचं, मावशीच्या २०२२ सारखं चाललेलं असू शकतं. भारतातून सहा महिन्यांसाठी येणारे आईवडील गोळ्या बरोबर आणतात तेव्हा साधारण ९० दिवसांपुरत्याच, मूळ पॅकिंगमध्ये आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणाव्यात, चिठ्ठीवर मिराबेग्रॉन हे नाव लिहून घ्यावं, आपल्याकडच्या ब्रँडच्या नावावरून अमेरिकेतल्या डॉक्टरला काही कळत नाही.

आता कोर्टाचं राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलाच्या कोर्टाने सांगितलं, खालच्या न्यायाधीशांनी कुणी न मांडलेल्या मुद्द्यावर निकाल द्यायला नको होता, पक्षकार जे भांडतात तेवढंच सोडवा, परत बघा. न्यायाधीश बदलून द्या ही अ‍ॅस्टेलासची मागणी मात्र मान्य झाली नाही. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच खालच्या कोर्टाने पेटंट टिकतं असा निकाल दिला, लुपिन-झायडसचे शेअर पडले, आणि त्या संध्याकाळी मावशीचा फोन. शेअर तिच्याकडे नाहीत. तिचा प्रश्न होता, म्हणजे आता माझ्या गोळ्या बंद होणार का?

मी सांगितलं, हरलेल्या कंपनीला विक्री थांबवायला लावणं हा एक प्रकार असतो, विक्री चालू ठेवून झालेल्या नुकसानीचे पैसे भरणं हा दुसरा, आणि दोघांनी बसून आकडा ठरवून मिटवणं हा तिसरा, आणि औषध लाखो लोकांच्या घरात पोचलेलं असताना या भांडणांची गाडी बहुतेक वेळा पैशांवरच येऊन थांबते. तरी कुठली गोष्ट किती दिवसांत होईल याची वाट बघत बसण्यापेक्षा तीन महिन्यांचं रिफिल आत्ताच भरून ठेव.

ती म्हणाली, सकाळीच जाऊन आणलं.